सातूचा दाणा आणि यीस्टची पेशी
बिअरचे प्रकार आणि त्यांमागील विज्ञान

बिअर हे मानवाला ज्ञात असलेल्या अतिप्राचीन पेयांपैकी एक आहे. मेसोपोटेमियात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या हिशेबांत कामकऱ्यांना वाटलेल्या बिअरच्या नोंदी आढळतात. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत लक्षावधी लोकांनी बिअर बनविली. परंतु धान्याचा गोड काढा एकाएकी फसफसू का लागतो आणि त्याचे मद्य कसे होते, हे त्यांपैकी एकालाही सांगता आले नसते. एक पीप उत्तम उतरावे आणि त्याच हाताने, त्याच सामग्रीतून भरलेले दुसरे पीप आंबून फेकून द्यावे लागावे, असा प्रकार वरचेवर घडे. त्याचे खापर कधी हवेवर फोडले जाई, कधी नशिबावर.

आज एल, लागर, पिल्सनर, पोर्टर, स्टाउट, गव्हाची बिअर अशी या पेयाची अनेक नावे ऐकू येतात. एक रंगाने सोनेरी तर दुसरे काळेभोर, एक कडवट तर दुसरे आंबट, एकाला भाजक्या कॉफीचा वास तर दुसऱ्याला केळ्याचा. असे असूनही बहुतेक सर्वांचे मूळ घटक चारच : सातू, पाणी, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. घटक चारच असताना प्रकार इतके कसे झाले, हा प्रश्न वरवर पाहता पाकशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर शोधता शोधता माणसाला सूक्ष्मजीवांच्या अदृश्य सृष्टीची ओळख पटली. ते उत्तर क्रमाने पाहू.

पिष्टाची साखर

द्राक्षाच्या रसात साखर तयार असते. ताडाचा किंवा माडाचा रसही मुळात गोड असतो; म्हणूनच पहाटे उतरविलेली नीरा उन्हे चढेपर्यंत आंबून तिची ताडी होते. धान्याची गोष्ट वेगळी आहे. धान्याच्या दाण्यात मुख्यतः पिष्ट असते, आणि यीस्टला पिष्ट पचविता येत नाही. पिष्टाचा रेणू म्हणजे ग्लुकोज शर्करेच्या शेकडो-हजारो मण्यांची लांबच लांब माळ. ही माळ तोडून तिचे सुटे मणी किंवा जोडमणी केल्याखेरीज यीस्ट त्यांना स्पर्श करीत नाही. म्हणून बिअर बनविणे याचा अर्थ प्रथम साखर बनविणे आणि मग ती आंबविणे असा होतो.

माळ तोडण्याचे साधन निसर्गाने दाण्यातच ठेवले आहे. दाणा रुजू लागला की कोंबाच्या पोषणासाठी साठविलेल्या पिष्टाची साखर करणे भाग असते, आणि त्यासाठी दाण्यात अमायलेज नावाची एंझाइमे तयार होतात. एंझाइम म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. आपल्या लाळेतही याच जातीचे एंझाइम असते. भाताचा घास बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोड लागू लागतो, याचे कारण हेच. नाचणीला मोड आणून, ती वाळवून आणि दळून लहान मुलांसाठी सत्त्व करण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. मोड आलेल्या नाचणीची पेज गोडसर व पातळ होते, तीही याच एंझाइमांमुळे.

सातूच्या बाबतीत हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर केली जाते. सातू सुमारे दोन दिवस पाण्यात भिजवितात, नंतर थंड जागी चार ते सहा दिवस रुजत ठेवतात आणि मोड पुरेसे आले की गरम हवेच्या भट्टीत वाळवून त्याची वाढ थांबवितात. या मोडाच्या वाळलेल्या सातूस माल्ट म्हणतात. बिअरचा रंग ठरतो तो या भट्टीत. ८० ते ८५ अंश सेल्सियसच्या सुमारास वाळविलेले माल्ट फिकट राहते आणि त्यातील एंझाइमे शाबूत असतात. याहून अधिक उष्णता दिल्यास साखर व प्रथिनांचे घटक यांची परस्पर क्रिया होऊन दाणा तांबूस, मग तपकिरी होतो. भाकरीवर पडणारे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा यांमागेही हीच क्रिया आहे. २०० अंशांच्या पलीकडे भाजलेले माल्ट कॉफीच्या बियांसारखे काळे होते. त्यातील एंझाइमे मेलेली असतात, पण त्याची अल्पशी मात्रा फिकट माल्टमध्ये मिसळली तरी सगळे पेय गडद होते. असे माल्ट भाजण्याचे फिरते पिंप डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये इंग्लंडात पेटंट करून घेतले. पोर्टर व स्टाउट या काळ्या बिअरांना आजचे रूप आले ते त्यानंतर. काळी बिअर म्हणजे अधिक मादक बिअर, हा समज मात्र निराधार आहे. रंग भट्टीतून येतो. मद्यार्काचे प्रमाण साखरेवर अवलंबून असते.

माल्ट भरडून ते गरम पाण्यात कालविले की एंझाइमांचे काम पुन्हा सुरू होते. येथे तापमानाचे दोन-चार अंशही महत्त्वाचे ठरतात. ६२ ते ६५ अंशांवर जे एंझाइम जोमाने काम करते, ते माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडते. त्यातून माल्टोज नावाची, यीस्टला आवडणारी साखर विपुल होते आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. ७० अंशांच्या पुढे दुसऱ्या एंझाइमाचा अंमल चालतो. ते माळ मध्येच कोठेही तोडते. त्यामुळे यीस्टला न पचणारे मोठे तुकडे शिल्लक राहतात व बिअर दाट लागते. तासाभराने हा गोड काढा गाळून घेतात; त्यास वर्ट म्हणतात. उरलेला चोथा गुरांना खाऊ घालतात.

उकळी आणि हॉप

वर्ट मोठ्या कढईत घालून तास-दीड तास खळखळ उकळतात आणि त्यात हॉपची फुले टाकतात. हॉप ही भांगेच्या कुळातील वेल आहे. तिच्या मादी फुलांच्या घोसांत पिवळी, चिकट राळ असते, आणि त्या राळेतील आम्ले उकळल्यावर रूप पालटून कडू होतात. गोड वर्टला तोल येतो तो या कडवटपणामुळे. सुगंधी तेले मात्र उकळीत उडून जातात. म्हणून सुगंध हवा असल्यास काही फुले अगदी शेवटी घालण्याची पद्धत आहे. बोहीमियातील झाटेत्स, बव्हेरियातील हालरटाउ आणि इंग्लंडातील केंट हे प्रांत हॉपच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहेत. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यातही ही वेल लावली गेली आहे.

हॉपचा दुसरा गुण टिकाऊपणाचा. त्यातील कडू द्रव्ये बिअर नासविणाऱ्या अनेक जंतूंची वाढ रोखतात. त्यात उकळी, किंचित आम्लता आणि मद्यार्क यांची भर पडल्याने माणसाला रोग देणारे जंतू बिअरमध्ये सहसा वाढू शकत नाहीत. याचा एक विलक्षण दाखला १८५४ च्या लंडनमधील पटकीच्या साथीत मिळतो. सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याने शेकडो माणसे दगावली, तेव्हा त्याच रस्त्यावरील बिअरच्या कारखान्यातील सत्तराहून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी केली असता असे दिसले की, कामगारांना कारखान्यात माल्टचे पेय मिळे, शिवाय कारखान्याची स्वतःची विहीर होती. पंपाचे पाणी ते पीतच नसत. रोग दूषित हवेतून येत नसून पाण्यातून येतो, या स्नो यांच्या सिद्धांतास या निरीक्षणाने बळकटी आली.

यीस्टचे दोन स्वभाव

बव्हेरियाच्या सरदारांनी १५१६ मध्ये एक प्रसिद्ध फर्मान काढले : बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये. या यादीत यीस्टचे नाव नाही. बिअरच्या तळाशी साचणारा साका किंवा वर येणारा फेस पुढच्या घाण्यासाठी राखून ठेवावा, हे कारागिरांना ठाऊक होते; आपल्या घरी कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतात, तसेच ते होते. परंतु तो साका सजीव आहे आणि सारे काम तोच करतो, ही कल्पना कोणाच्याही मनात आलेली नव्हती.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. वर्टमधील साखर खाऊन ती मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकते. यासच किण्वन म्हणतात. बिअरचे जे दोन मोठे वर्ग मानले जातात, ते रंगावरून वा कडवटपणावरून पाडलेले नाहीत. ते यीस्टच्या दोन जातींवरून पडलेले आहेत.

पहिला वर्ग एलचा. एलचे यीस्ट म्हणजे सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी. पाव फुगविणारे यीस्टही याच जातीचे. ते १५ ते २४ अंशांच्या उबेत जोमाने वाढते, फेसाबरोबर पृष्ठभागावर येते आणि काही दिवसांतच काम उरकते. उबेमुळे त्याच्या शरीरात एस्टर नावाची सुगंधी द्रव्ये भरपूर तयार होतात, म्हणून एलला फळांसारखा गंध असतो. इंग्लंडातील पेल एल, पोर्टर, आयर्लंडचा स्टाउट हे सारे या वर्गात मोडतात. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा व लवंगेचा वासही यीस्टचीच करणी आहे. त्या पेयात केळे नसते आणि लवंगही नसते.

दुसरा वर्ग लागरचा. लागेर्न या जर्मन क्रियापदाचा अर्थ साठवून ठेवणे. लागरचे यीस्ट ७ ते १३ अंशांच्या गारव्यात सावकाश काम करते, तळाशी बसते, आणि त्यानंतर ही बिअर गोठणबिंदूच्या आसपास कित्येक आठवडे मुरत ठेवावी लागते. या काळात तीव्र गंधाची द्रव्ये यीस्टकडून शोषली जातात, गढूळपणा खाली बसतो, आणि पेय नितळ व सौम्य होते.

लागरचे यीस्ट रूढ झाले ते एका सरकारी आज्ञेच्या आधाराने. उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास नासते असा अनुभव असल्याने बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनविण्यास बंदी घालण्यात आली. साहजिकच सारे काम हिवाळ्यात होऊ लागले आणि पिपे डोंगरातल्या गार तळघरांत बर्फाशेजारी ठेवली जाऊ लागली. थंडीत जी पेशी तग धरील तिचेच विरजण पुढे चालत राहिले. कोणाच्या ध्यानीमनी नसता येथे निवडीचा एक प्रदीर्घ प्रयोग चालू होता.

हे यीस्ट मुळात आले कोठून, याचा उलगडा होण्यास २०११ साल उजाडावे लागले. लागरचे यीस्ट संकरित आहे, त्याचे अर्धे कूळ एलच्या यीस्टचे आहे, हे आनुवंशिक परीक्षणातून कळले होते. पण उरलेल्या अर्ध्या कुळाचा पत्ता नव्हता. त्या वर्षी अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया प्रदेशातील थंड अरण्यांत, बीच जातीच्या वृक्षांवर, दिएगो लिबकिंड व त्यांच्या सहकाऱ्यांना सॅकॅरोमायसीज युबायानस ही रानटी जाती सापडली आणि तिचे आनुवंशिक द्रव्य लागरच्या त्या अज्ञात भागाशी जुळले. पुढे ती तिबेटात व आयर्लंडातही आढळली. थंडी सोसण्याचा गुण लागरला या रानटी पूर्वजाकडून मिळाला आहे.

या दोन वर्गांबाहेरही एक जुनी परंपरा टिकून आहे. ब्रुसेल्सच्या परिसरात लॅम्बिक नावाची बिअर करताना वर्टला कोणतेही यीस्ट लावीत नाहीत. हिवाळ्याच्या रात्री ते उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात. हवेतून व लाकडी पिपांतून जे यीस्ट व जंतू येतील ते आपले काम करतात. एक ते तीन वर्षे मुरल्यावर आंबट, रानटी चवीचे पेय तयार होते.

गावोगावचे पाणी

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार बदलले की बिअर बदलते, हे युरोपातील गावांनी अनुभवाने जाणले होते. कारण पुढे रसायनशास्त्राने दिले. इंग्लंडातील बर्टन-ऑन-ट्रेंट गावाचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपत येते. त्यातील सल्फेटामुळे हॉपचा कडवटपणा स्वच्छ व ठसठशीत लागतो. म्हणून कडवट, फिकट एलसाठी ते गाव नावाजले. डब्लिनच्या पाण्यात कार्बोनेटे अधिक. अशा पाण्यात फिकट माल्ट कालविल्यास मिश्रण पुरेसे आम्ल होत नाही आणि टरफलांतील तुरट द्रव्ये उतरतात. काळे भाजलेले माल्ट मात्र स्वतः आम्लधर्मी असल्याने हा दोष नाहीसा करते. स्टाउट डब्लिनमध्ये बहरला याचे एक कारण हे आहे. बोहीमियातील पिल्सेनचे पाणी त्याउलट अतिशय मृदू, जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखे.

या पिल्सेनमध्येच जगाच्या बिअरला नवे वळण मिळाले. तेथील बिअर इतकी बेभरवशाची झाली होती की, १८३८ मध्ये नगरभवनासमोर छत्तीस पिपे ओतून देण्यात आली. नागरिकांनी एकत्र येऊन नवा कारखाना उभारला आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या कारागिरास बोलाविले. त्याने इंग्लंडच्या धर्तीवर वाळविलेले फिकट माल्ट, जवळच्या झाटेत्सचे हॉप, गावचे मृदू पाणी आणि बव्हेरियाचे गारव्यात काम करणारे यीस्ट यांचा मेळ घातला. ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने जी बिअर केली ती सोनेरी व पारदर्शक होती. तिलाच पुढे पिल्सनर हे नाव पडले, आणि आज जगात खपणाऱ्या बहुसंख्य बिअर तिच्याच वंशातील आहेत.

भारताचा संबंध येतो तो एलच्या बाबतीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवरून मुंबई-कलकत्त्यास येत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येण्यास कित्येक महिने लागत, उष्ण कटिबंध ओलांडावा लागे, आणि हॉप मुबलक घातलेली बिअरच या प्रवासात टिके. १८२० नंतरच्या दशकात बर्टनचे कारखानदार या व्यापारात उतरले आणि त्यांच्या कडवट एलला पुढे इंडिया पेल एल असे नाव रूढ झाले. नावात इंडिया असले तरी ती भारतात बनत नव्हती. येथील मैदानी उष्म्यात यंत्राशिवाय किण्वन आवरणे शक्य नव्हते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे जे पहिले कारखाने निघाले ते कसौलीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी आणि आज पाकिस्तानात असलेल्या मरीजवळच्या डोंगरात. किण्वनाला ऋतूच्या आणि डोंगराच्या बंधनातून सोडविले ते शीतयंत्राने. कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० नंतरच्या दशकात आपल्या पहिल्या शीतयंत्रांची चाचणी म्यूनिकमधील स्पाटेन या बिअरच्या कारखान्यात घेतली. दूध, फळे, मासे व लशी गार ठेवणारी आजची यंत्रे त्याच मार्गाने पुढे आलेली आहेत.

नासलेल्या पिपांचा शोध

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. तीच सामग्री असूनही एक पीप का नासते?

लेव्हेनहूक यांनी १६८० मध्ये आपल्या भिंगाखाली यीस्टचे गोलक पाहिले होते; पण ते सजीव असल्याचे त्यांना वाटले नाही. १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्यूट्सिंग या तिघांनी स्वतंत्रपणे यीस्ट सजीव असल्याचे दाखविले. त्या काळचे श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी ही कल्पना धुडकावून लावली. किण्वन ही निर्जीव द्रव्यांच्या विघटनाची क्रिया आहे, असा त्यांचा आग्रह होता.

हा वाद निर्णायक वळणावर नेला तो लुई पाश्चर यांनी. १८७१ मध्ये त्यांनी लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यास भेट दिली आणि तेथील यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात शिरलेले परके जंतू दाखविले. चांगल्या बिअरमध्ये गोल यीस्टपेशी दिसत. नासलेल्या बिअरमध्ये त्यांच्याबरोबर दांड्यांच्या व माळांच्या आकाराचे जंतू असत. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिअरविषयीच्या ग्रंथात त्यांनी बिअरचे रोग आणि ते रोग आणणारे सूक्ष्मजीव यांचा संबंध मांडला. पेयाला रोग जंतूंमुळे होत असेल तर प्राण्याला आणि माणसालाही तसाच का होऊ नये, हा विचार त्या काळच्या वैद्यकास चालना देणारा ठरला.

तरीही एक कोडे शिल्लक होते. जंतूंचा मागमूस नसतानाही काही पिपे बिघडत. त्याचा छडा कोपनहेगनमध्ये लागला. कार्ल्सबर्ग कारखान्याचे संस्थापक जे. सी. जेकबसेन यांनी १८४५ मध्ये म्यूनिकहून लागरचे यीस्ट स्वतः प्रवास करून आणले होते, आणि १८७५ मध्ये कारखान्याला जोडून एक संशोधनशाळा स्थापिली होती. तेथे एमिल ख्रिश्चन हान्सेन काम करीत होते. तरुणपणी त्यांनी घरे रंगविण्याचा व्यवसाय केला होता. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या बिअरला कडवट चव व दुर्गंध येऊ लागला. हान्सेन यांचा तर्क असा की, यीस्ट हे एक नाव असले तरी साक्यात अनेक जाती मिसळलेल्या असतात, आणि त्यांत घुसलेली एखादी रानटी जात हा बिघाड घडवीत असली पाहिजे. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी यीस्ट पाण्यात इतके विरळ केले की एका थेंबात सरासरी एकच पेशी यावी. त्या एका पेशीपासून त्यांनी संपूर्ण पिढी वाढविली. निरनिराळ्या पेशींच्या संततीपासून निरनिराळी बिअर उतरली : काहींची उत्तम, काहींची नासकी. जेकबसेन प्रथम साशंक होते. पुरावा पाहून त्यांनी मत बदलले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शुद्ध यीस्टपासून कारखान्यात बिअर बनू लागली.

यानंतर जेकबसेन यांनी जे केले ते विज्ञानाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. ही पद्धत गुपित ठेवून त्यांना अमाप पैसा मिळविता आला असता. त्यांनी ती प्रसिद्ध होऊ दिली आणि मागेल त्या कारखान्याला शुद्ध यीस्ट विनामूल्य दिले. संशोधनशाळेतील निष्कर्ष लपवू नयेत, हा तिचा दंडकच होता. त्याच शाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये धान्यातील नायट्रोजन मोजण्याची रीत शोधली. डाळी, दूध, पीठ यांतील प्रथिने मोजण्यासाठी ती आजही वापरली जाते. तेथेच सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये आम्लता मोजण्याचे पीएच हे परिमाण मांडले, जे शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असते. तेथेच क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये मुरविलेल्या इंग्लिश बिअरची विशिष्ट चव ज्या यीस्टमुळे येते ते वेगळे केले व त्यास ब्रेटॅनोमायसीज, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. लॅम्बिकच्या रानटी चवीतही याच यीस्टचा मोठा वाटा आहे.

लीबिग यांच्या मतातही सत्याचा एक अंश होता, हे १८९७ मध्ये दिसून आले. एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी वाटून, गाळून त्यांचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती. तरी तो साखरेचे मद्यार्क करू लागला. म्हणजे किण्वन पेशीतील एंझाइमे करतात, आणि ती एंझाइमे पेशी निर्माण करते. या शोधासाठी बुख्नर यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एंझाइम या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘यीस्टमधील’ असा आहे.

आपल्या देशातील धान्यपेये

धान्य आंबवून पेय करण्याची विद्या केवळ युरोपाची नव्हे. लडाखमध्ये सातूपासून छांग करतात. झारखंड व ओडिशातील आदिवासी समाजांत तांदळाची हंडिया, आसाम व अरुणाचल प्रदेशात आपोंग, नागालँडमध्ये झुथो ही पेये सणासमारंभांशी निगडित आहेत. झुथोसाठी तांदळाला मोड आणतात, म्हणजे माल्टचीच युक्ती वापरतात. हंडियाची रीत मात्र निराळी आहे. तेथे मोड न आणता शिजविलेल्या भातात वनस्पतींची मुळे व साली आणि तांदळाचे पीठ यांच्या वाळलेल्या गोळ्या कुस्करून मिसळतात. या गोळ्यांत बुरशी आणि यीस्ट एकत्र नांदतात : बुरशी पिष्टाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क. युरोपात ज्या दोन क्रिया दोन भांड्यांत होतात, त्या येथे एकाच मडक्यात शेजारी शेजारी चालतात. ज्यांनी ही गोळी सिद्ध केली त्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. पण उत्तम गोळी राखून ठेवून तीच पुढच्या गोळ्यांत मिसळण्याची त्यांची रीत हान्सेन यांच्या शोधाचीच दूरची पूर्वज म्हणता येईल.

समारोप

बिअरच्या प्रकारांचे हे वर्णन वाचून ती प्यावी असे कोणास सुचविण्याचा येथे हेतू नाही. तिच्यात बहुधा चार ते सहा टक्के मद्यार्क असतो, आणि मद्यार्क शरीरास अपायकारक आहे. यकृतात त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते. हे द्रव्य पेशीतील आनुवंशिक द्रव्यास इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्याची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. आपल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदातही मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असे म्हटले आहे. एकेकाळी दूषित पाण्यापेक्षा बिअर निर्धोक होती हे खरे; पण त्यावरचा खरा उपाय शुद्ध पाणी हाच होता, आणि तो उपाय दाखविणारे शास्त्र काही अंशी बिअरच्या पिपातूनच बाहेर आले.

एका पेशीपासून शुद्ध वाण वाढविण्याची हान्सेन यांची युक्ती आज बिअरपुरती उरलेली नाही. यीस्टच्या पेशीत योग्य तो जनुक घालून कावीळ-ब या रोगावरील लस बनविता येऊ लागली आणि १९८६ मध्ये ती वापरात आली. हैदराबादमध्ये १९९७ साली तयार झालेली भारतीय लसही पिकिया नावाच्या एका यीस्टमध्येच वाढविलेली होती. तिच्यामुळे ही लस सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यास मोठी मदत झाली. कोपनहेगनचे नासलेले पीप निमूटपणे ओतून दिले गेले असते, तर त्यातील रानटी पेशी कोणास दिसली नसती. ते पीप का नासले, असे विचारणारा एक मनुष्य आणि मिळालेले उत्तर सर्वांस खुले करणारा दुसरा, हे दोघे तेथे होते, म्हणून ते ज्ञान लस बनविणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकले.